बंगळुरात हळू ऐकू येते

पाण्याच्या कॅननं 'गुडुक' केलं आणि माझी पेन्सिल जागच्या जागी थांबली.

बंगळुरात एवढं एक बरं आहे, दुपारी पंखा लागत नाही. त्यामुळे घर गप्प बसलं की खरोखर गप्प बसतं. कावेरी झोपली होती, भांडी घासायची पडली होती, वाळलेल्या कपड्यांचा ढीग खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होता आणि मी ओट्याशी उभी राहून शब्दकोडं सोडवत होते. उभी अशासाठी, की बसले की डोळा लागतो.

पुन्हा 'गुडुक'. मग बराच वेळ काहीच नाही.

म्हणजे कावेरी उठली होती. मी वाकून बाहेर पाहिलं. कॅन जेवणाच्या टेबलापाशी असतो. ती त्याच्यासमोर ग्लास घेऊन उभी. नळ जरासा दाबायची, कॅनच्या पोटातून बुडबुडा वर जाताना मान वर करून बघायची, तो फुटेपर्यंत थांबायची आणि मग पुन्हा नळ. ग्लासात जेमतेम तळ झाकेल एवढं पाणी. पाच वर्षांची होत आली होती. वरच्या मजल्यावरची तिच्या वयाची मुलगी एव्हाना पाणी पिऊन, ग्लास तिथेच टाकून, खाली खेळायला पळाली असती.

मी तिला हाक मारली नाही. ती बुडबुड्यांत गुंतली होती तोवर दुपार माझी होती, आणि माझी फक्त एक ओळ राहिली होती.

कोडं दामोदर अण्णांचं. अण्णा चिकपेटेतले, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातले. त्यांच्या पणजोबांनी इथे येऊन साड्यांचं दुकान टाकलं, आणि तेव्हापासून त्या घरातली मराठी कानडीच्या शेजारी राहून राहून अर्धी तिच्यासारखीच झाली आहे. दुकान आता मुलगा बघतो, पण सकाळी अण्णा अजून तिथे जाऊन बसतात. अण्णांनी गल्ल्यामागे बसून जन्मभर इंग्रजी पेपरातली ती अवघड, ब्रिटिश पद्धतीची कोडी सोडवली, आणि म्हातारपणी त्यांच्या मनात आलं, हे आपल्या भाषेत का असू नये? तेव्हापासून दर महिन्याला आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर ते एक कोडं टाकतात. पट्टीनं चौकटी आखलेल्या कागदाचा जरा तिरका फोटो. मंडळात माणसं खूप, पण कोड्याच्या वाटेला जाणारी आम्ही चार-पाचच.

साध्या कोड्यात 'लंकेचा राजा' असं असतं, आपण रावण लिहितो आणि चहा घेतो. अण्णांच्या कोड्यात सूचना म्हणजे थाप असते. वाचताना जो अर्थ लागतो तो सरळ सोडून द्यायचा. सूचनेच्या एका टोकाला उत्तराचा अर्थ असतो आणि उरलेल्या शब्दांत ते उत्तर कसं बनवायचं त्याची कृती. म्हणजे बघा, 'बाजारात राणीच्या पोटात सुगंधी फूल', अक्षरं चार. आता राणीला विसरा, बाजारालाही विसरा. 'बाजारात राणीच्या' ही नुसती अक्षरं घ्या आणि त्यांच्या पोटात बघा. रा, त, रा, णी. रातराणी! असं झालं की डोक्यात ट्यूब पेटते, आणि खरं सांगते, त्या एका क्षणासाठी मी महिनाभर भांडी घासू शकते. पण अण्णांचा नियम कडक. सूचनेतला एकही शब्द बसून खाणारा नसतो. एक जरी शब्द उरला, तर उत्तर बरोबर असलं तरी कोडं सुटलेलं नाही.

माझं तेच झालं होतं. सूचना अशी होती:

'रोगाची ओळख, कमीत कमी बंगळुरात हळू ऐकू येते.' अक्षरं तीन.

उत्तर मला लगेचच दिसलं होतं. रोगाची ओळख म्हणजे निदान. कमीत कमी म्हणजेसुद्धा निदान, 'निदान एक फोन तरी कर' मधलं. मधल्या चौकटीत उभ्या 'दाखला'चा दा आधीच येऊन बसलेला. मग 'बंगळुरात हळू ऐकू येते' हे कशाला? ते शब्द नुसते बसून होते, खुर्चीवरच्या कपड्यांसारखे. बंगळुरात हळू म्हटलं की मला हेब्बाळच्या उड्डाणपुलावरची गाड्यांची रांग आठवायची, दुसरं काही सुचायचं नाही. हळूला कानडीत काय म्हणतात तेही मला माहीत होतं. फोनवरच्या शिकवणीत 'मेल्लगे' असा शब्द मी पाठ केला होता. पण मेल्लगेचा आणि निदानाचा काय संबंध? म्हणून 'निदान' मी पेन्सिलीनंच लिहून ठेवलं होतं. पेन उघडायचं धाडस होत नव्हतं.

आणि दुसरं म्हणजे, तो शब्दच मला नको झाला होता.

शाळा सुरू झाल्यानंतरची गोष्ट. सुटायच्या वेळचा फाटकाशी नेहमीचा गलका, व्हॅनवाल्यांचे हॉर्न, कुणाची तरी बाटली हरवलेली. कावेरीच्या वर्गाच्या प्रियदर्शनी मिस बेळगावकडच्या. घरी कानडी, पण मराठी कळतं. मी मराठी म्हणून माझ्याशी बोलताना त्या दोन-चार मराठी शब्द मुद्दाम पेरतात. मी विचारलं, "कावेरी कशी आहे मिस?"

"व्हेरी गुड मा. काही त्रास नाही तिचा." त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "स्वल्प निदान, अष्टे."

"निदान?"

"हां मा. स्वल्प निदान." आणि त्या बाटली हरवलेल्या मुलाच्या आईकडे वळल्या.

स्वल्प म्हणजे थोडं आणि अष्टे म्हणजे तेवढंच, इतकं कानडी मला येत होतं. तिसरा शब्द तर माझाच होता. थोडं निदान, तेवढंच. किती सांभाळून बोलल्या बाई, असं मला वाटलं. आईला धक्का बसू नये म्हणून डोक्यावरून हात फिरवत सांगितलं, पोरीला एकदा कुठेतरी दाखवून घ्या.

संध्याकाळी अभिमन्यू ऑफिसातून आल्यावर मी त्याला म्हटलं, "मिस म्हणाल्या, कावेरीचं निदान करून घ्या."

"कसलं निदान?"

"तेच तर करायचंय ना."

त्यानं बॅग खाली ठेवली. "अगं, हळू आहे ती जरा. आमच्या नागपूरला माझा काका आहे, त्याला 'चहा घेणार का' विचारलं तर कप धुऊन फळीवर जाईस्तोवर उत्तर येत नाही. चांगला बँकेत होता."

"तुझ्या काकाला बँकेनं ठेवून घेतलं. हिला शाळा घेणार आहे का?"

"तू ना सुखदा, अस्सल पुण्याची. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तुला उत्तर लागतं."

तो हसला, मीही हसले. पण तेव्हापासून मला दिसायला लागलं. आधीही ते समोरच होतं, पण आधी ती फक्त कावेरी होती. कुणी नाव विचारलं की ती आधी त्या माणसाकडे नीट बघायची, मग त्याच्या शर्टाकडे, आणि नाव सांगेपर्यंत माणूस लिफ्टमधून उतरून गेलेला असायचा. वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या वाढदिवसाला कुणीतरी तिला विचारलं, "तुला कुठला केक आवडतो?" सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले, मग विषय बदलला. पुढच्या रविवारी आम्ही रिक्षातून कुठेतरी चाललो होतो तेव्हा ती एकदम म्हणाली, "पिवळा."

पुढच्या वर्षी पहिली. पहिलीसाठी दुसरी, मोठी शाळा बघायची होती, आणि तिथे मुलाला एका खोलीत बसवून प्रश्न विचारतात असं ऐकलं होतं. तिथल्या बाईंना रविवारपर्यंत थांबायला कोण सांगणार? ही मागे ठेवली जाईल, हिच्या वर्गातली सगळी पुढे जातील आणि ही त्याच छोट्या खुर्चीवर बसून राहील, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. इंदिरानगरात एक केंद्र होतं, मुलांची तपासणी करणारं. मी फोन केला. बरीच वाट बघावी लागेल म्हणाले. थांबते म्हटलं.

त्या वाट बघण्यात हे कोडं आलं. आणि त्यातही तोच शब्द!

एका सकाळी डब्याची पोळी लाटताना कागद शेजारी ठेवलेला अभिमन्यूनं बघितला. "अजून तीच ओळ?"

"हं."

"म्हणजे तू एका ओळीला आठवडे लावतेस आणि पोरगी बूट घालायला वेळ लावते म्हणून तिला डॉक्टरकडे नेतेस."

तो चेष्टेनं म्हणाला होता. मी पोळी उलटली. उत्तर द्यायचं होतं, पण पोळी करपायला लागली, आणि मग डबा, मग वेणी, मग तो गेलाच.

शेवटी मी अण्णांना फोन लावला. मागे दुकानात कुणीतरी रंगावरून हुज्जत घालत होतं.

"अण्णा, तुमच्या कोड्यात चूक आहे."

"चूक? काय गं अक्का, सकाळी सकाळी?"

"ती निदानाची सूचना. उत्तर येतं, पण शेवटचे शब्द फुकट गेलेत."

"माझ्या दुकानात फुकट काय पण नाही," ते खुशीत हसले. "पेननं लिवलंस?"

"नाही."

"मग सरी, ठीक केलंस. शहाणी आहेस. येतंय ते, थांब की."

"थोडं तरी सांगा ना."

"सांगितलंय की त्यातच! तू पुण्याची नव्हं? तुम्हा पुण्याच्या लोकांना बंगळूर नुसतं डोळ्यांनी दिसतंय. कान कुठं आहेत तुमचे?" मग फोन बाजूला धरून कुणाला तरी, "अम्मा, तो रंग उन्हात बघा, उन्हात," आणि मला, "ठेवू? गिऱ्हाईक आलंय."

मी ओट्यावर डोकं टेकवून जरा वेळ उभी राहिले. ओटा गार होता.

केंद्राची वेळ मिळाली ती एका शुक्रवारी सकाळी. मी कावेरीला लवकर उठवलं, सगळं लवकर केलं, आणि तरीही नेहमीप्रमाणे उशीर झाला. लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती. खाली रिक्षा येऊन उभी आणि फोनवर रिक्षावाला, "एल्लिद्दीरा मेडम? कुठे आहात?" मी कावेरीचा हात धरून जिन्यानं निघाले.

ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जोडते. एक पाय, मग दुसरा, मग जरा विसावा. भिंतीवर कुणीतरी पेनानं रेघ ओढली होती, तिच्यावरून बोट फिरवत चालली होती. मी दोन पायऱ्या पुढे, हात मागे ताणलेला.

"चल गं राणी. चल ना. रिक्षा जाईल निघून."

मधल्या वळणावर तिनं हात सोडवून घेतला आणि ती चक्क पायरीवर बसली. चपलेचा पट्टा सुटला होता. मी वाकून तो लावायला गेले, तर तिनं मला अडवलं. तळहात खाली करून हवेत दोनदा थोपटलं, थेट प्रियदर्शनी मिससारखं, आणि म्हणाली, "निदाना मा, निदाना."

"निदान काय?" मी वैतागून विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्याच मुलीनं माझ्याकडे, मठ्ठ मुलाकडे बघावं तसं. मग पुन्हा तळहात खाली, थोपटल्यासारखं, आणि मराठीत, मला समजावं म्हणून: "निदाना. पडशील."

मी जिन्यात उभी राहिले.

निदाना. हळू. सावकाश. इथले लोक पोरांना जिन्यावरून उतरवताना म्हणतात ते, भाजीवाली गाडी मागे घेणाऱ्याला ओरडून सांगते ते. किती वेळा कानावरून गेलं असेल. कानडीत लिहिताना तो ध असतो, हे मला नंतर कळलं, पण ऐकताना? बंगळुरात, हळू, ऐकू येते. ते सगळे शब्द एकदम उठून उभे राहिले, आणि एकही रिकामा उरला नाही. मी मोठ्यांदा हसले. जिन्यात हसणं घुमलं. पोरीची तपासणी करायला निघालेली बाई, आणि कोडं सुटलं म्हणून हसत होती. अण्णांना आत्ताच्या आत्ता फोन करावा असं वाटलं.

मग फाटक आठवलं.

काही त्रास नाही तिचा. स्वल्प निदान, अष्टे. जरा हळू आहे, एवढंच.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. ती जीभ बाहेर काढून पट्टा छिद्रात घालत होती. बाईंनी निदान करा असं म्हटलंच नव्हतं. मी फाटकाशी उभी राहून माझ्या भाषेतलं ऐकलं होतं आणि तेवढ्यावर सगळा पावसाळा काढला होता. कुणावर चिडावं तेही कळेना.

"झालं," कावेरी म्हणाली आणि उठली. पट्टा उलटा लागला होता.

रिक्षात बसल्यावरही मला खात्री करून घ्यायची होती. मी पुढे वाकून रिक्षावाल्याला विचारलं, "अण्णा, निदाना..."

"सरी मेडम," रिक्षावाला म्हणाला आणि त्यानं रिक्षा एकदम हळू केली.

"नाही नाही, तसं नाही! बेगा, लवकर जा!"

तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. कावेरीला त्यात काय मजा वाटली कोण जाणे, ती खुदखुदली.

मी अभिमन्यूला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मिसनी काही म्हटलंच नव्हतं?"

"नव्हतं."

"मग वळव की रिक्षा. घरी जा, झोपा दोघी. आवाज ऐक तुझा, किती दमलेली आहेस."

रिक्षा सिग्नलला थांबली होती. मी वळव म्हणू शकत होते. तोंडाशी आलं होतं.

"नाही रे," मी म्हटलं. "जाऊन येते."

"आता कशाला पण?"

"आता मला दिसतंय ना. मिसचं ऐकण्यात चूक झाली, पण त्यानंतर जे बघितलं ते तर मीच बघितलं. ते कुठे ठेवू?"

मागे त्याला कुणीतरी हिंदीत मीटिंगला बोलवत होतं. "बरं. झाल्यावर फोन कर," म्हणाला. "आणि तिला काहीतरी खायला घाल. तूही खा."

केंद्रात भिंतींवर ढग काढले होते आणि खुर्च्या रंगीत होत्या. आमच्या आधीचा एक मुलगा आत गेला होता, त्याचे वडील बाहेर फोनकडे बघत बसले होते, पण बोट हलत नव्हतं. मी पर्समधून कोडं काढलं. पेनही होतं. तीन चौकटींत तीन अर्थ, तिन्ही बरोबर, एकमेकांच्या अंगावर न पडता बसलेले. अण्णांनी काय सुंदर काम केलं होतं! पण माझ्या शेजारी बसून चप्पल काढून पुन्हा घालणाऱ्या मुलीला त्यातला कुठला लागतो, ते कुठल्याच सूचनेत लिहिलेलं नव्हतं. मी कागद तसाच घडी करून ठेवला.

तपासणारी मुलगी माझ्यापेक्षा लहान असेल. शिवानी नाव. बोलायला गोड, हिंदी आणि इंग्रजी, आणि मी मराठी आहे कळल्यावर थोडं मराठीही. "तिला जी भाषा सुचेल ती चालेल," ती म्हणाली, तेव्हा मला जरा हायसं वाटलं. "तुम्ही मागे बसा. फक्त बोलू नका. खाणाखुणाही नको."

तिच्या गळ्यात दोरीला एक छोटं घड्याळ होतं, धावण्याच्या शर्यतीत असतं तसं. चित्रांचा गठ्ठा होता. एक चित्र दाखवायचं, घड्याळ दाबायचं, कावेरीनं नाव सांगायचं, की पुढचं.

पहिलं चित्र हत्तीचं. कावेरी त्याच्याकडे बघत राहिली. सोंडेकडे, मग पायांकडे, शेपटीपर्यंत पोचली असेल तोवर घड्याळ वाजलं. चित्र उलटं पडलं. दुसरं छत्रीचं.

"आने," कावेरी छत्रीकडे बघून म्हणाली. कानडीत हत्ती.

शिवानीनं काहीतरी लिहिलं. घड्याळ वाजलं. छत्री गेली, बूट आला.

"छत्री," कावेरी म्हणाली.

बूट गेला, केळं आलं. "बूट." केळं गेलं, रेल्वे आली. "केळं. सोललेलं नाही."

मी मागे बसून ओठ दाबून धरले होते. एकही चुकलं नव्हतं. प्रत्येक उत्तर बरोबर, फक्त एक चित्र मागे. ती सगळ्यांना न्याय देत चालली होती, कुणालाही न सोडता, आणि समोर कायम पुढचंच कुणीतरी असायचं. मला वाटलं उठावं, तो गठ्ठा धरावा आणि म्हणावं, जरा थांब ना गं बाई, एकदाच जरा थांब. पण बोलायचं नव्हतं. शिवानीही वाईट नव्हती. कावेरी 'सोललेलं नाही' म्हणाली तेव्हा तिलाही हसू आलं होतं. तरी घड्याळ तिनं वेळेवर दाबलं.

मग ठोकळे झाले, मण्यांची माळ झाली. माळेत लाल आणि पिवळा, लाल आणि पिवळा असे मणी ओवायचे होते. वेळ संपली तेव्हा दोऱ्यात थोडेच मणी होते, पण रांगेत होते. शिवानी माळ उचलायला लागली तर कावेरीनं दोऱ्याचं टोक धरून ठेवलं, ओढलं नाही, नुसतं धरलं. तिला ती पुरी करायची होती.

कावेरीला बाहेर खेळण्यांपाशी सोडून शिवानी माझ्यासमोर बसली.

"तिला येतं, मॅडम. बहुतेक सगळं येतं."

"मग?"

"पण वेळेच्या आत आलेलंच मला धरता येतं. नंतर आलेलं बरोबर उत्तर लिहायला माझ्याकडे जागा नाही." तिनं पेनाचं टोपण लावलं. "मी समासात लिहिलंय. पण आकडा समासातून येत नाही."

"आणि शाळा आकडा बघणार."

"शाळा आकडाच बघतात." तिनं चित्रांचा गठ्ठा सारखा केला. "आज मी काही नाव देत नाहीये. रिपोर्ट तयार होऊ दे, मग डॉक्टर बोलतील. कदाचित इथे यावं लागेल तिला काही दिवस. कदाचित नुसतं वर्षभर थांबून बघू."

"थांबून काय बघायचं?"

ती म्हणाली, "खूप गोड आहे हो ती." आणि मग पुढच्या मुलाचं नाव पुकारायला दाराकडे गेली.

मी उठले. गुडघे दुखत होते, नुसतं बसून. अभिमन्यूला फोन करायचा होता, पण काय सांगायचं याची जुळवाजुळव होईना. बरोबर आहे पण उशिरा. उशिरा आहे पण बरोबर. कुठलं आधी म्हणावं त्यावर तो काळजी करणार की हसणार हे ठरणार होतं.

बाहेर ऊन स्वच्छ होतं. फुटपाथवरून स्कूटरी चालल्या होत्या, माणसं कॉफीचे कप हातात घेऊन चालत चालत पीत होती. कोपऱ्यावर शहाळीवाला होता. कावेरीसाठी एक घेतलं. ती नळीनं एक घोट घ्यायची आणि मग नळीतून पाणी परत खाली जाताना बघायची. मागून एक बाई फोनवर बोलत आली, आम्ही वाटेत उभ्या म्हणून 'च्' करून वळसा घालून गेली. मी कावेरीला बाजूला, झाडाच्या कठड्याशी घेतलं आणि स्वतः कठड्यावर टेकले. घाई नव्हती. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा आम्हाला कुठेही वेळेवर पोचायचं नव्हतं. शाळा बुडाली होती, स्वयंपाक सकाळीच झाला होता. डोळे मिटले तर इथेच झोप लागेल असं मला वाटत होतं.

"आई," कावेरी म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं आणि वाट बघितली. तिचं 'आई' आलं की वाक्य मागून येत असतं, मध्ये बोललं तर ते परत जातं. तिनं एक घोट घेतला. नळी बघितली. समोरून एक बस गेली, मग दुसरी. शहाळीवाल्यानं एक गिऱ्हाईक केलं, कोयता पुसला. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली होती, मणी ओवताना पडली होती तशी.

"त्या मावशी," ती म्हणाली.

"कुठल्या गं?"

"घड्याळवाल्या." ती पुन्हा थांबली. मग सबंध वाक्य आलं, एकेक शब्द नीट जागेवर ठेवत, माझ्या तोंडाकडे बघत: "त्या सारखं घड्याळ बघत होत्या ना आई, तर त्यांना कुठे जायचं होतं?"